गाडीवानाची पाटी

नगर जिल्ह्यात मे महिना उन्हाचा आणि तारखांचा. २८ तारखेला शहराचा स्थापना दिन. १४९० साली याच दिवशी मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी फौज मोडली आणि पुढे त्याच रणभूमीवर शहर वसवले. ३१ तारखेला अहिल्यादेवींची जयंती आणि त्यांच्या जन्मगावी चौंडीत जत्रेसारखी गर्दी. २०२५ मध्ये तर अहिल्यादेवींच्या जन्माला ३०० वर्षे झाली आणि राज्याचे अख्खे मंत्रिमंडळ ६ मे रोजी चौंडीला येऊन बैठक उरकून गेले. या दोन तारखांच्या आधी येणारी १८ तारीख मात्र कोणाच्या खिजगणतीत नसते. तो आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९७७ पासून जगभर पाळला जातो, दरवर्षी त्याला एक सूत्र असते, आणि २०२५ चे सूत्र होते झपाट्याने बदलणाऱ्या समाजांतील संग्रहालयांचे भवितव्य. ज्या जिल्ह्याची स्वतःचीच पाटी २०२४ मध्ये अहमदनगरची अहिल्यानगर अशी बदलली, एसटीच्या फलकापासून सातबाऱ्यापर्यंत जुन्या-नव्या नावांची सरमिसळ अजून चालू आहे, त्याने तरी या सूत्राकडे एकदा मान वळवून पाहायला हरकत नव्हती.

आम्ही आज पाहतो आहोत त्याला दुसरेही निमित्त आहे. २०२३ च्या १८ मे रोजी पंतप्रधानांनी दिल्लीत भावी राष्ट्रीय संग्रहालयाची संगणकीय सफर खुली केली. नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या दोन इमारती, जिथे वर्षानुवर्षे अर्थसंकल्पाच्या आणि संरक्षणाच्या फायली फिरल्या, तिथे ‘युगे युगीन भारत’ या नावाचे संग्रहालय व्हायचे आहे. क्षेत्रफळ दीड लाख चौरस मीटरच्या वर. २०२४ च्या डिसेंबरात त्यासाठी फ्रान्समधल्या ज्या संस्थेशी करार झाला, तिचा अबुधाबीचे लूव्ह्र उभारण्यात मोठा वाटा होता. त्याआधी ऑगस्टमध्ये राज्याराज्यांच्या संग्रहालयांतली माणसे दिल्लीला बोलावून चर्चाही झाली. म्हणजे विचारणा होते आहे; होतच नाही म्हणणे अन्यायाचे ठरेल. आमची शंका एवढीच की, ही विचारणा खाली कुठवर झिरपते. सल्ला पॅरिसहून येत असेल तर येऊ द्यावा; उजेड कुठून पाडायचा, काच किती जाड हवी, हे त्या लोकांना नीट कळते. पण काचेमागे जी वस्तू बसणार, ती ज्या शिवारातून निघाली तिथल्या माणसाला काही विचारायचे असते, असा प्रश्न निदान आमच्या कानावर तरी आलेला नाही. हे आम्ही दायमाबादच्या गाडीवानासाठी लिहीत आहोत.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद आहे. आहे म्हणजे पांढरीचे टेकाड आहे. गाव केव्हाच उठले. १९५८ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. पी. बोपर्डीकरांनी ही जागा हेरली. मग एम. एन. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी वेगवेगळ्या हंगामांत ती खणली, ते काम १९७९ पर्यंत चालले. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच संस्कृतींचे थर एकावर एक निघाले. शेवटच्या थराला ज्या गावाचे नाव आहे ते जोर्वेही आपलेच, संगमनेर तालुक्यातले. परंतु दायमाबादचे नाव जगाच्या पुस्तकांत गेले ते पुरातत्त्ववाल्यांच्या खुरप्या-ब्रशामुळे नव्हे. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल हा स्थानिक माणूस झाडाची मुळे खणत होता आणि त्याच्या हाताला धातू लागला. चार वस्तू निघाल्या. बैल जुंपलेली गाडी आणि तिच्यात उभा गाडीवान, एक हत्ती, एक गेंडा आणि एक म्हैस. चौघांचे मिळून वजन ६० किलोंहून जास्त.

जमिनीत सापडलेले धन १० रुपयांहून अधिक किमतीचे असेल तर कलेक्टरला कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे. त्या रकमेची आज गंमत वाटते. छबूला जे सापडले त्याची किंमत कोणत्या तागडीत करायची हे तेव्हाही कोणाला सांगता आले नसते. आज गाडी दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तिन्ही जनावरे मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. हजारो वर्षे एका खड्ड्यात गुण्यागोविंदाने नांदलेले बिऱ्हाड वर आल्यावर पन्नास वर्षांतच विभक्त झाले. आपल्याकडे भावाभावांच्या वाटण्यांत बैल एकाला आणि गाडी दुसऱ्याला जाते, तसलाच हा प्रकार. गाडी निदान बैलांसकट गेली.

ती गाडी जवळून पाहण्यासारखी आहे. लांबी ४५ सेंटीमीटर, म्हणजे हातभर. चाके भरीव, आरे नसलेली. पुढे लांबच लांब दांडी, तिच्या टोकाला जू आणि जुवाखाली दोन सडपातळ बैल. गाडीवान १६ सेंटीमीटरचा, उघडाबंब, केस नीट विंचरलेले, गाडीत ताठ उभा. आणि दांडीवर, बैल आणि गाडीवान यांच्या मध्ये, एक कुत्रे. हे कुत्रे अनेकांच्या नजरेतून सुटते. हातभर लांबीच्या वस्तूत बोटभर कुत्रे ओतून घालण्याचा खटाटोप त्या कारागिराने का केला असेल?

या गाडीचे छायाचित्र खिशात घेऊन आम्ही मागे एकदा प्रवरेकाठी गेलो होतो. उसाचा हंगाम चालू होता. एका वस्तीवर पिढीजात गाडीवानी केलेले एक म्हातारबाबा भेटले. मोती बसलेला डोळा एका बाजूला करून त्यांनी चित्र बराच वेळ न्याहाळले. आधी बोट चाकावर ठेवले. “भरीव हाय. जड जाणार बैलांना, चिखलात तर बसलीच.” मग म्हणाले, “उभ्यानं हाकतोय, म्हंजी माल न्हाई भरलेला. वझं आसल तर गडी जुवाजवळ बसतो. ह्यो कुठं तरी मिरवायला निघालाय.” आम्ही कुत्र्याकडे लक्ष वेधले. म्हातारबाबा हसले. “गाडीखाली चालणारं कुत्रं लई पाहिली. त्याला वाटतं गाडी आपुनच वढतोय. पर दांडीवर चढवलेलं न्हाई पाहिलं. मालकाचं लाडकं आसंल.”

यात संशोधन नाही, हे आम्हालाही कळते. पण उभ्याने हाकण्यावरून त्यांनी जो तर्क केला, त्याच्याच आसपास विद्वानही पोचलेले आहेत. बाकीची तिन्ही जनावरेही चाकांवर चालवण्यासाठी केलेली आहेत, तेव्हा या वस्तू कसल्या तरी मिरवणुकीत ओढत नेत असावेत, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरे चाकांचा लाकडी नंदी ओढत निघतात, ते ज्याने पाहिले आहे त्याला या चाकांचे नवल वाटणार नाही. नागपूरच्या नंदीचा आणि दायमाबादच्या हत्तीचा काही संबंध आहे, असे आमचे म्हणणे नाही. संबंध जोडण्याची घाई करू नये. एवढेच की, चाकावरचे जनावर दोरीने ओढणे ही आपल्याकडे अजून हातापायांत असलेली गोष्ट आहे, आणि दिल्लीच्या पाटीवर ‘विधीसाठी वापरलेली वस्तू, उपयोग अनिश्चित’ असे लिहिण्याआधी ती कोणी तरी सांगायला हवी.

पाटीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण या चार वस्तूंचे वयच वादात आहे. देशपांडे, राव, साळी यांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे ढोबळ हिशेबाने चार हजार वर्षांपूर्वीच्या ठरवल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या घटकांवर बोट ठेवून शंका घेतली की त्या पुष्कळ अलीकडच्या असाव्यात. वस्तू शास्त्रशुद्ध उत्खननात थराथराने न निघता मुळे खणताना निघाल्या, म्हणून हा वाद मिटत नाही. संग्रहालये असल्या ठिकाणी काय करतात? सगळ्यांत वजनदार मत एका ओळीत लिहितात आणि मोकळी होतात. बघणाऱ्याला वाटते, सगळे ठरलेलेच आहे. वाद आहे, तो असा आहे आणि या कारणाने आहे, असे पाटीवर लिहिले तर लोक गोंधळतील ही भीती आम्हाला कधीच पटली नाही. ज्या लोकांना भाऊबंदकीचे खटले तीन पिढ्या चालवता येतात, त्यांना दोन मते एका वेळी डोक्यात ठेवता येत नाहीत होय? आणि त्याच पाटीवर छबू लक्ष्मण भिल हे नावही ठळक अक्षरांत असले पाहिजे. उत्खनन करणाऱ्यांची नावे अहवालाच्या मुखपृष्ठावर येतात. सापडवणारा एका वाक्यात येतो आणि पुढच्या वाक्यात नाहीसा होतो.

लोकांना विचारायचे म्हणजे लोक म्हणतील ते खरे मानायचे काय, असा आक्षेप येणार. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर नगरजवळच शहा डोंगरावर उभे आहे. त्या तीनमजली अष्टकोनी इमारतीला अख्खा जिल्हा चांदबिबीचा महाल म्हणतो. सहली तिथेच जातात, पोरे घरी येऊन ‘चांदबिबीच्या महालावर जाऊन आलो’ असेच सांगतात. प्रत्यक्षात ते मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याचे थडगे आहे. तिथे चांदबिबी राहिली नाही की मेली नाही. आता पाटीवर काय लिहावे? इतिहासाच्या दृष्टीने सलाबतखान, यात वाद नाही. पण १५९५-९६ मध्ये मुराद मोगली फौज घेऊन आला तेव्हा भुईकोटाच्या तटावर उभी राहिलेली बाई लोकांना इतकी आवडली की, डोळ्यांत भरणारी सर्वांत उंच इमारत त्यांनी तिच्या नावे करून टाकली. शेकडो वर्षे टिकलेली ही चूक हीसुद्धा वस्तूच आहे आणि तिलाही पाटी हवी. लोकांना विचारणे म्हणजे सलाबतखानाला खोडणे नव्हे. थडगे कोणाचे ते सांगावे आणि लोक त्याला काय म्हणतात आणि का, तेही खाली लिहावे.

खोडण्यावरून आठवले. निजामशाहीच्या चित्रकलेचा सर्वांत मोलाचा ऐवज नगरला नाही, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी रचलेले ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य, त्याची सचित्र पोथी. काळ १५६५ ते १५६९ च्या दरम्यानचा. दख्खनी चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही या पोथीपाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिच्यात तालिकोटच्या लढाईची चित्रे आहेत आणि त्याहून नवलाची चित्रे आहेत ती दरबारातली. राजाच्या शेजारी, जवळजवळ त्याच्या अंगावर, राणी खुंजा हुमायून बसलेली होती. होती म्हणायचे, कारण नंतर कोणी तरी बहुतेक चित्रांतून तिला पुसून टाकले. राजा मरण पावल्यावर राणीने अल्पवयीन मुर्तझाच्या नावाने कारभार केला. १५६९ मध्ये मुलाच्या पक्षाने तिला कैद केले, आणि मग चित्रातली तिची आकृतीही रंगाने बुजवण्यात आली. चांदबिबीची ही आई. आज ते पान पाहिले तर राजा आहे, आसन आहे, चवऱ्या ढाळणारे आहेत आणि मध्येच एक मळकट डाग आहे. राजाची नजर आणि हात अजून त्या डागाकडेच वळलेले आहेत.

हे पान दालनात कसे लावायचे? बहुतेक कोणीही संग्रहालयवाला त्यातल्या त्यात धड चित्र निवडील, डाग पडलेले मागे ठेवील. आम्हाला विचाराल तर तेच पान पुढे हवे आणि त्याच्यासमोर बसायला एक बाक. परंतु नगरकरांना कोणी विचारणार कसे? नगरचे बहुतेक वैभव नगरबाहेरच आहे. १५४९ साली नगरला ओतलेली ५५ टनांची मलिक-ए-मैदान तोफ विजापूरच्या बुरुजावर. निजामशाहीचा शेवटचा आधार मलिक अंबर, त्याचे हाशिमने काढलेले चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. हे सगळे परत आणा असली आरोळी ठोकण्याचा आमचा इरादा नाही. ५५ टन उचलून आणून ठेवायचे कुठे, हाही प्रश्नच आहे. वस्तू जिथे आहे तिथे राहू द्यावी, पण तिच्याबद्दल बोलण्याचा हक्क तिच्याबरोबर गाव सोडून गेला, असे का समजायचे?

न्यूझीलंडमध्ये १९९८ साली उघडलेल्या ते पापा या राष्ट्रीय संग्रहालयाने हा मुद्दा तत्त्व म्हणून मान्य केला. माओरी वस्तूंचे काय करायचे, त्या कशा मांडायच्या, त्यांची गोष्ट कोणी सांगायची, यात त्या त्या माओरी कुळांचे म्हणणे तिथे घेतले जाते. २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘संग्रहालय’ या शब्दाची व्याख्याच नव्याने केली आणि तिच्यात समाजाचा सहभाग हे शब्द घातले. व्याख्येत शब्द घालणे सोपे असते म्हणा. आपल्याकडच्या कायद्यांतही लोकसहभाग खूप आहे. ग्रामसभेच्या वहीत सह्या किती आणि हजर माणसे किती, ते ज्याने पाहिले आहे त्याला जास्त सांगायला नको.

घरच्याकडेही पाहायला हवे. नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय १९६० चे, दिल्लीच्या जनपथावरील इमारत उघडली त्याच वर्षीचे. लोकांनी घरचे माळे उपसून दिलेल्या शस्त्रांचा, मोडी कागदांचा, नाण्यांचा आणि मूर्तींचा हा संग्रह आहे. त्यात एक २०० फूट लांबीची जन्मपत्रिका आहे. २०० फूट पत्रिका कोणत्याही कपाटात अखंड मावत नाही. तिचे चार-पाच फूटच एका वेळी दिसणार. कोणते? जन्मलग्नाचे, की ज्यात पुढचे भाकीत आहे ते, की जिथे रंगीत चित्रे आहेत ते? हा प्रश्न शाळेतल्या मुलांना विचारून पाहावा. दर महिन्याला पत्रिका थोडी पुढे सरकवावी आणि बाहेर फळ्यावर लिहावे, या महिन्यात या माणसाच्या आयुष्याची एवढी वर्षे उघडली आहेत. लोक पुढच्या महिन्यात परत येतील.

नगरच्याच लष्करी रणगाडा संग्रहालयात, १९९४ पासून, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स रॉइस चिलखती गाडीपासून १९६५ च्या युद्धात हाती लागलेल्या पॅटनपर्यंत सगळे उघड्यावर मांडलेले आहे. तिथे गर्दी कमी पडत नाही, कारण भोवतीने फिरता येते. पत्रा केवढा जाड आहे ते पाहता येते, आणि पाकिस्तानी रणगाड्याच्या अंगावरच्या भोकात बोट घातल्याशिवाय राहवत नाही. मांडणीचे शास्त्र म्हणून काही असेल तर त्याचा निम्मा भाग या भोकात आहे.

आणि संग्रहालय बघून झाल्यावर आपल्याला विचारतात ते कुठे? बाहेर पडताना टेबलावर अभिप्राय वही असते. एका ठिकाणच्या वहीत आम्ही पानेच्या पाने चाळली. ‘छान’, ‘खूप छान’, ‘अप्रतिम’, मग एका शाळेच्या चाळीस मुलांचे ओळीने ‘खूप छान’, अक्षर चाळीस तऱ्हांचे. मध्येच एका बाईने लिहिले होते, तांब्याच्या घंगाळाला पितळेचे म्हटले आहे. त्याखाली कोणाचे उत्तर नव्हते. आत जाऊन पाहिले. पाटीवर पितळच होते, घंगाळ तांब्याचेच होते.

त्या बाईला आधी विचारले असते तर? आमचे सगळे म्हणणे या ‘आधी’पाशी येऊन थांबते. दालन रंगवून, दिवे लावून, फीत कापून झाल्यावर घेतलेला अभिप्राय म्हणजे पंगत उठल्यावर मीठ कसे झाले ते विचारणे. नॉर्थ ब्लॉकमधली दालने अजून सजायची आहेत. गाडीवान कुठल्या मजल्यावर उभा राहणार, त्याच्या जोडीला मुंबईची तिन्ही जनावरे निदान काही महिन्यांसाठी तरी येणार की नाही, पाटीवर वय एकच लिहिणार की दोन्ही मते देणार, छबूचे नाव कितव्या ओळीत येणार, हे सारे अजून ठरवता येण्यासारखे आहे. त्यासाठी श्रीरामपूरला एक दिवस यावे. वातानुकूलित सभागृह नको, मोठ्या आकाराची चार छायाचित्रे आणि टिपून घेणारा एक माणूस पुरे. मळेवाल्यांना विचारावे, भिल्ल वस्तीत विचारावे, पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या कुंभारांना विचारावे.

एक छायाचित्र मात्र नेवासे तालुक्यात घोडेगावला जनावरांच्या बाजारात न्यावे अशी आमची सूचना आहे. दायमाबादची ती चौथी मूर्ती, ३१ सेंटीमीटर उंचीची, चार चाकांच्या पाटावर उभी. आम्ही वर तिला म्हैस म्हटले खरे, पण ते आमच्या जबाबदारीवर. इंग्रजी पाटीवरचा शब्द नर-मादी दोन्हींना चालतो, इंग्रजीचे भागते. मराठी पाटी लिहिणाऱ्याला मात्र म्हैस की रेडा, हे ठरवल्याशिवाय पहिला शब्दच लिहिता येणार नाही. घोडेगावच्या बाजारात शिंगाच्या वळणावरून आणि मानेच्या जाडीवरून ते सांगणारी माणसे झाडाखाली बसलेली असतात. फक्त त्यांना चित्र देताना एक सांगावे लागेल की दात पाहायला मिळणार नाहीत.